दोन बोटांची अक्कल: पहिल्या भिक्खुणी नेमक्या कशा जगल्या

दरवर्षी बुद्ध पौर्णिमा जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन फॉरवर्ड हमखास येतात. एकात असतं की स्त्रियांना सगळ्यात आधी समान हक्क बुद्धांनी दिला, आणि दुसऱ्यात असतं की बुद्धांनी स्त्रियांना तीनदा नकार दिला, मग आठ अटी घातल्या, कसली आलीय समता. यंदा माझ्या भाचीने, कॉलेजला आहे ती, सरळ विचारलं की मावशी यातलं खरं कुठलं? दोन्ही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते उत्तर अर्धवट आहे, कारण दोन्ही फॉरवर्डमध्ये बोलतंय कोण तर बुद्ध, त्यांच्या सतत सोबत असणारा शिष्य आनंद आणि बाकीचे भिक्खू. ज्या बायका घर सोडून गेल्या त्या काय म्हणाल्या हे कुणी पाठवतच नाही, आणि त्यांचं म्हणणं तर दोन हजारांहून जास्त वर्षं टिकून राहिलंय, त्यांच्या नावानिशी. म्हणून भाचीसाठी लिहायला घेतलं ते लांबत गेलं, आता सगळ्यांसाठीच टाकते.

आधी चार शब्द

भिक्खुणी म्हणजे केस काढून, चीवर घालून, भिक्षेवर जगणारी अशी बाई जिला संघाची पूर्ण दीक्षा मिळालीय. या पूर्ण दीक्षेला उपसंपदा म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. विनय म्हणजे संघाची नियमावली, आपल्या सोसायटीचे नियम असतात तशी, पण यात जवळजवळ प्रत्येक नियमाआधी तो का करावा लागला त्याची गोष्ट दिलेली असते, कुणी काय केलं, लोक काय कुरकुरले, मग काय ठरलं. आणि थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. अशा थेरींच्या ७३ कवितांचा पाली संग्रह म्हणजे थेरीगाथा, श्लोक पाचशेच्या वर, कुठली कविता एका श्लोकाची तर कुठली पानंच्या पानं. बायकांच्या कवितांचे जगातले जे सगळ्यात जुने संग्रह आहेत त्यात हा येतो, आणि माझ्या मते तरी आपल्याकडे तो जितका वाचला जायला हवा तितका अजिबात वाचला जात नाही.

वेशालीच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका

गोष्ट अशी. महाप्रजापती गौतमी ही सिद्धार्थाची मावशी, आई वारल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बुद्ध कपिलवस्तूला आले असताना गौतमींनी तीन वेळा विचारलं की स्त्रियांना घर सोडून संघात येऊ द्या, तिन्ही वेळा नको असं उत्तर मिळालं. बुद्ध तिथून वेशालीला निघून गेले. गौतमींनी केस कापले, काषाय वस्त्रं घातली आणि शाक्य घराण्यातल्या बऱ्याच बायकांना घेऊन त्या चालत वेशालीला गेल्या. परमिशन मिळालेली नाही, तरी वेष आधीच घातलेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बायका कधी पायी फार फिरल्या नसतील त्या एवढं चालून आल्या, पाय सुजलेले, अंगभर धूळ, आणि विहाराच्या दाराबाहेर रडत उभ्या. तिथे त्यांना आनंदाने पाहिलं.

आनंदानेही आधी तसंच विचारलं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं. मग त्याने प्रश्नच बदलला. त्याने विचारलं, स्त्रीने घर सोडून साधना केली तर ती अर्हत होऊ शकते का, म्हणजे शेवटच्या मुक्तीपर्यंत पोचू शकते का? बुद्ध म्हणाले, हो, होऊ शकते. मग आनंद म्हणाला की असं असेल तर ज्या मावशीने तुम्हाला दूध पाजून वाढवलं तिला तरी येऊ द्या. आणि परवानगी मिळाली, आठ जड अटींवर. त्यातली पहिलीच अशी की भिक्खुणीला दीक्षा घेऊन शंभर वर्षं झालेली असली तरी आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूला तिने उठून नमस्कार करायचा. वर ग्रंथ असंही सांगतो की स्त्रिया आल्यामुळे धम्म हजार वर्षं टिकला असता तो आता पाचशेच टिकेल, जसा भाताच्या शेतावर रोग पडावा किंवा उसावर लाल रोग पडावा.

मग नकार खराच ना?

हो, ग्रंथात तसं आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण त्या ग्रंथाच्या आतच काही गोष्टी जुळत नाहीत. एक सांगते. आठ अटींमध्ये एक अशी आहे की दोन वर्षं शिकाऊ राहिलेल्या मुलीलाच उपसंपदा द्यायची. आता त्या क्षणी अजून एकही भिक्खुणी झालेली नाही, मग शिकाऊ भिक्खुणी हा प्रकार आला कुठून? म्हणजे सोसायटीची पहिली मीटिंग व्हायच्या आधीच जुन्या मेंबरांची कॅटेगरी ठरली. शिवाय भिक्खूला शिवी देऊ नये अशी एक अट आठांत आहे आणि तोच नियम विनयात पुढे वेगळ्याच प्रसंगातून नव्याने केलेला दिसतो, आधीच असता तर पुन्हा का केला असता? यावरून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ही यादी निदान आत्ताच्या रूपात तरी नंतर जोडली गेली.

बाबासाहेबांनीही १९५१ साली एका इंग्रजी लेखात बुद्धांवरच्या याच आरोपाला उत्तर दिलं होतं. स्त्रियांकडे बघूच नका असं बुद्ध आनंदाला सांगतात तो जो प्रसंग आहे तो मागाहून भिक्खूंनी घुसवलेला आहे असं त्यांनी तिथे मांडलं, आणि बुद्धांचं एकूण वागणं बघा, स्त्रियांशी मोकळेपणाने बोलणं बघा, मग ठरवा असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या बाजूने, ती यादी कुणीही केलेली असो, ती शतकानुशतकं पाळली गेली, प्रत्यक्ष बायकांनी पाळली, आणि नमस्काराची अट तेवढी काढून दीक्षेतल्या ज्येष्ठतेप्रमाणे नमस्कार ठेवा अशी विनंती खुद्द गौतमींनी आनंदामार्फत नंतर केली होती, ती मान्य झाली नाही. म्हणजे अट टोचत होती हे ग्रंथच सांगतो. हे मला दोन्ही फॉरवर्डपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

दिवस कसा जायचा

सकाळी पात्र घेऊन गावात, दारोदार उभं राहायचं, जे पडेल ते घ्यायचं आणि दुपारच्या आत जेवण उरकायचं, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. मग एखाद्या झाडाखाली ध्यान, संध्याकाळी धम्म ऐकणं, पाठांतर. पाठांतर फार, कारण लिहिलेलं काही नव्हतं. भिक्खूला तीन वस्त्रं, भिक्खुणीला पाच. पावसाळ्याचे महिने एका जागी वर्षावास.

नियम भिक्खूंना २२७ आणि भिक्खुणींना ३११. इथे लगेच कुणीही म्हणेल की बघा, बायकांना जास्त बंधनं. खरंय, पण ते नियम उघडून बघितले की चित्र मिसळलेलं दिसतं. एकटीने गावात जायचं नाही, एकटीने नदी ओलांडायची नाही, रात्री एकटीने राहायचं नाही, हे नियम वाचताना प्रत्येकामागे कुणातरी बाईवर ओढवलेला प्रसंग आहे हे कळतं. उत्पलवर्णा ही बुद्धांच्या सगळ्यात मोठ्या शिष्यांपैकी एक, तिच्यावर रानात अत्याचार झाल्याची हकीकत आहे, आणि भिक्खुणींचं एकांतात रानात राहणं बंद झालं. गुन्हा त्याचा आणि रान हिचं गेलं. हे आपल्याला ओळखीचं आहे, संध्याकाळी सातच्या आत घरात.

पण नियम भिक्खूंवरही केले गेले, भिक्खुणींसाठी. काही भिक्खू आपली लोकर भिक्खुणींकडून धुवून, रंगवून, पिंजून घ्यायला लागले, आणि बायकांचा सगळा वेळ त्यातच जायला लागला. गौतमींनी हे बुद्धांना सांगितलं की या कामापायी बायकांचं शिकणं मागे पडतंय. नियम झाला की नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून हे काम करून घ्यायचं नाही. आणखी एक हकीकत आहे ती मला विसरता येत नाही. एक भिक्खुणी मिळालेली भिक्षा वाटेत भेटलेल्या एका भिक्खूला देऊन टाकायची, तो घ्यायचा, रोज, आणि ही उपाशी. चौथ्या दिवशी ती लटपटत रस्त्याने जात होती, मागून गाडी आली, कुणीतरी ओरडलं बाजूला हो, आणि बाजूला होता होता ती तिथेच कोसळली. त्यावरून नियम झाला की नात्यात नसलेल्या भिक्खुणीच्या हातून असं अन्न भिक्खूने घ्यायचं नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर आधी सगळ्यांना वाढलं आणि मग उरलंसुरलं खाल्लं त्यांना यातलं दुखणं समजावून सांगायला लागत नाही.

आणि त्या सगळ्या काही संत नव्हत्या. लसणाची गोष्ट आहे. एका उपासकाने सांगून ठेवलं होतं की भिक्खुणींना लागेल तसा लसूण न्या, एकेकीला दोन-तीन गड्डे. घरातला संपला तेव्हा त्यांना शेतावर पाठवलं, आणि थुल्लनंदा नावाच्या भिक्खुणीने तिथून ढीगभर लसूण उचलला, राखणदार वैतागला. तेव्हापासून भिक्खुणीला लसूण बंद. थुल्लनंदाचं नाव विनयात इतक्या वेळा येतं की वाचता वाचता ती ओळखीचीच होऊन जाते.

आल्या कुठून या बायका

राजघराण्यातून, सावकाराच्या घरातून, पाणी भरणाऱ्या दासींमधून, गणिकांमधून, सगळीकडून. मुत्ता नावाची थेरी एकाच श्लोकात सांगते की मी तीन वाकड्या गोष्टींपासून सुटले, उखळ, मुसळ आणि माझा पाठीत वाकलेला नवरा, आणि मग म्हणते की जन्ममरणापासूनही सुटले. क्रम बघा. आधी उखळ. सुमंगलाची आई, तिचं स्वतःचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, ती पण मुसळापासून सुटल्याचंच बोलते, निर्लज्ज नवऱ्याबद्दल बोलते, छत्र्या करायच्या त्या कामाबद्दल बोलते आणि तिच्या भांड्याला येणाऱ्या पाणसापासारख्या वासाबद्दल. मुक्तीबद्दलच्या कवितेत भांड्याचा वास कुणी आणेल का? जिने ते भांडं रोज घासलंय तीच आणेल.

चंदा विधवा, मूल नाही, नातलग नाही, हातात काठी आणि भांडं घेऊन सात वर्षं थंडीउन्हात दारोदार भीक मागत फिरली. मग तिला एक भिक्खुणी दिसली जिला लोक आदराने खायला घालत होते. चंदा तिच्याकडे गेली आणि म्हणाली मला पण घ्या. ती भिक्खुणी होती पटाचारा. पोटाची भूक हे कारण चंदाने लपवलेलं नाही आणि पटाचारानेही तिला परत पाठवलं नाही.

पटाचाराची स्वतःची कथा तर तुम्हाला माहीतच असेल, नवरा, दोन्ही मुलं, आईवडील, भाऊ सगळे गेले आणि ती भान हरपून रस्त्यावर फिरत होती. पण ही सगळी हकीकत नंतरच्या टीकेत आहे, टीका म्हणजे मूळ गाथांवरचं स्पष्टीकरण. तिच्या स्वतःच्या कवितेत यातलं काहीच नाही! तिथे ती काय सांगते, की शेतकरी नांगरतात, पेरतात, त्यांना पीक मिळतं, मग मी एवढी मेहनत करते तर मला का मिळू नये. मग पाय धुतले, पाणी उताराकडे वाहत गेलं ते बघत राहिले. मन स्थिर झालं. दिवा घेऊन खोलीत गेले, अंथरूण बघितलं, बसले, सुई घेतली आणि वात खाली ओढली. दिवा विझला तसं मन सुटलं. लोकांनी तिच्या दुःखाची गोष्ट जपली, तिने मात्र पायावरचं पाणी आणि दिव्याची वात जपली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करताना थांबले होते थोडी.

म्हणजे दुःखामुळे पळून गेलेल्या बायका, एवढंच ना?

असं बरेच जण म्हणतात आणि कळवळ्यानेच म्हणतात, पण ते पुरं पडत नाही. इसिदासीचंच घ्या, उज्जैनच्या सावकाराची मुलगी, सासरी मन लावून राबली तरी नवऱ्याने ठेवली नाही, मग दुसरं लग्न, मग तिसरं एका भिकाऱ्याशी, तो पण पंधरा दिवसांत आपल्या चिंध्या आणि भांडं परत मागून निघून गेला. ही सुटका आहे, मान्य. पण धम्मदिन्ना बघा. तिचा पूर्वीचा नवरा विशाख तिच्याकडे येऊन धम्मातले अवघड अवघड प्रश्न विचारत बसतो आणि ती एकेक सोडवून देते, त्याने ते जाऊन बुद्धांना सांगितल्यावर बुद्ध म्हणतात, मला विचारलं असतंस तर मीही हेच उत्तर दिलं असतं. खेमा कोसलच्या राजाला, पसेनदीला, शिकवते आणि राजा उठून नमस्कार करून जातो. भद्दा कुंडलकेसा आधी जैन साध्वी होती, नंतर अंग, मगध, वज्जी, काशी, कोसल असं ५० वर्षं फिरली आणि म्हणते की लोकांचं अन्न मी कर्ज न ठेवता खाल्लं.

आणि पुण्णा. दासी, थंडीत पाणी भरायला नदीवर जाणारी, मालकिणीच्या माराला भिऊन. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत डुबकी मारताना दिसतो, पाप धुवायला. ती त्याला म्हणते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवं, साप सगळे स्वर्गात जायला हवेत, आणि नदी पाप वाहून नेणार असेल तर पुण्यही नेईल की. शेवटी तो पटवून घेतो. तिला हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

आता टायटलमधली दोन बोटं. सोमा नावाची भिक्खुणी ध्यानाला बसली असताना मार येतो, मार म्हणजे साधनेतून माणसाला ओढून काढणारी शक्ती. तो म्हणतो की ऋषींनाही जी जागा कठीण ती दोन बोटांची अक्कल असणाऱ्या बाईला कशी मिळणार? टीकाकार या दोन बोटांचा अर्थ असा देतात की बाई सात-आठ वर्षांची असल्यापासून भात शिजवते, तरी शिजला का हे तिला बघून कळत नाही, शीत काढून दोन बोटांत दाबून बघावं लागतं. आजही आपण हेच करतो, मी रोज करते. सोमा चिडत नाही, आपली हुशारी सांगत बसत नाही. ती म्हणते, चित्त नीट स्थिर झालेलं असेल, धम्म नीट दिसत असेल, तर बाईपणाचा इथे संबंध काय? ज्याला मी बाई, मी पुरुष असं वाटत असेल त्याच्याशी माराने बोलावं.

आणि खरं सांगू का, शीत दाबून बघणं ही अक्कल कमी असल्याची खूण नाहीच. दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता हाताने तपासणं आहे ते.

पण या कविता बायकांच्याच कशावरून?

रास्त प्रश्न आहे. हे सगळं बरीच शतकं तोंडपाठ चालत आलं आणि श्रीलंकेत लिहून काढलं गेलं. काही कविता उघडच दुसऱ्या कुणीतरी कथा सांगावी तशा आहेत, इसिदासीची कविता पाटलिपुत्र शहरात घडते म्हणजे ती उशिराची असणार. प्रत्येक शब्द त्याच बाईचा असं कुणी छातीठोक सांगू नये. पण उखळ, भांड्याचा वास, सवतीचा जाच, बाळंतपणाची भीती या गोष्टी ज्या बारकाईने येतात ते बघता या कवितांमागे बायकांचे आवाज आहेत असं मला वाटतं.

आणि भिक्खुणी होत्या याला तर दगडाचा पुरावा आहे. अशोकाच्या आज्ञांमध्ये भिक्खूंसोबत भिक्खुणींचा उल्लेख येतो. सांचीला दान देणाऱ्यांत भिक्खुणींची नावं भरपूर. जुन्नरच्या एका शिलालेखात नगरातल्या भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. कार्ल्याला एकविरेच्या दर्शनाला आपण जातो, तिथेच बाजूला चैत्यगृह आहे, त्यावर एका भिक्खुणीने दिलेल्या दानाचा लेख आहे, नाव कोडी, घुणिकाची आई. घर सोडलं, तरी दगडावर नाव कोरताना आई म्हणून ओळख राहिली.

मग आज भांडण कशावरून चाललंय?

उपसंपदा हा शब्द आठवतोय ना. नियम असा की भिक्खुणी करायची तर आधी भिक्खुणींच्या संघाने आणि मग भिक्खूंच्या संघाने उपसंपदा द्यायची. म्हणजे नवी भिक्खुणी व्हायला जुन्या भिक्खुणी लागतात. हे अगदी विरजणासारखं आहे. दूध कितीही असो, विरजण संपलं की दही लागत नाही.

अशोकाची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि तिथे भिक्खुणी संघ सुरू झाला. पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि ४३४ च्या सुमाराला नानजिंगमध्ये तिथल्या शेकडो बायकांना त्यांच्या मदतीने उपसंपदा मिळाली. पुढे अकराव्या शतकाच्या सुमाराला, चोलांच्या स्वाऱ्यांच्या काळात, श्रीलंकेतला भिक्खुणी संघ संपला. घरचं विरजण गेलं. पण शेजाऱ्याकडे दिलेलं होतं ते चालू राहिलं, चीनमधून कोरिया, व्हिएतनाम, तैवानपर्यंत.

म्हणून १९९६ साली सारनाथला कोरियन संघाच्या मदतीने आणि १९९८ साली बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा दिली गेली. विरोध करणारे म्हणतात की ती परंपरा वेगळी, नियमावली वेगळी, हे आपलं दही नाही. बाजूने असणारे म्हणतात की विरजण मुळात आपल्याच घरातून गेलेलं, आणि शिवाय अगदी सुरुवातीला भिक्खुणी नव्हत्याच तेव्हा गौतमींसोबतच्या बायकांना भिक्खूंनीच उपसंपदा दिली होती, ती परवानगी कुणी मागे घेतलेली नाही. मला हा दुसरा मुद्दा पटतो, अगदी साध्या व्यवहाराने पटतो. थायलंडमध्ये १९२८ च्या एका आदेशाने भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा द्यायला मनाई केली, तिथल्या बायका श्रीलंकेला जाऊन उपसंपदा घेऊन येतात. ऑस्ट्रेलियात २००९ साली पर्थजवळ चार बायकांना उपसंपदा दिली म्हणून तिथल्या विहाराला त्यांच्या थाई परंपरेने बाहेर काढलं. आणि २०२२ साली भूतानमध्ये तिथल्या धर्मप्रमुखांनी १४४ स्त्रियांना पूर्ण दीक्षा दिली.

आपल्याकडे नागपूर आणि आसपास आज भिक्खुणी आहेत, आणि आपल्या घराघरात आम्रपाली, संघमित्रा, गौतमी नावाच्या मुली आहेत. भाचीला मी एवढंच सांगितलं की सुट्टीत कुड्याला जाऊ, रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीजवळची लेणी. तिथल्या एका लेण्याचा लेख असा आहे की हे दान पदुमणिकेचं, जी भिक्खुणी आहे. तिची आई नागणिका, तीही भिक्खुणी. आणि दानात सामील तिच्या दोन शिष्या, बोधी आणि असाळ्हमिता. चार बायका, एका ओळीत.